डाव्या हाताला

देवरे सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कारही न करता ते म्हणाले, "बाई, तुमच्या साडीचा फॉल मागून उसवलाय."

नोकरीचा पहिला दिवस. वाड्याहून एसटीत हाडं खिळखिळी करून घेत मी जव्हारला पोचले होते, हातात नेमणुकीचा कागद होता, आणि शिक्षकांच्या खोलीत बसलेल्या झाडून सगळ्यांच्या माना माझ्या टाचांकडे वळल्या. सर मात्र काम संपल्यासारखे पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. फॉल खरोखरच उसवला होता. वाईट तेच होतं. देवरे सर कधी खोटं बोलत नसत.

पुढे ते माझे शेजारीही झाले. एकाच मालकाची दोन बिऱ्हाडं, मधे एक भिंत, पुढे सलग ओटा. दिवसभर शाळेत त्यांचा आवाज आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून तोच आवाज. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं बरं आहे, त्यांच्या शेजारी देवरे सर राहत नव्हते.

ठेंगणे, काटक, डोळे घारे, मिशी कोरून ठेवलेली. मान फारशी वळवत नसत, नुसते डोळे फिरवायचे, आणि ते फिरायला लागले की समोरचा माणूस आपोआप स्वतःची बटणं चाचपायचा. सटाण्याकडच्या शेतकरी घरातले. विज्ञान शिकवायला या डोंगरात आले आणि इथलेच झाले. 'निरीक्षण' हा त्यांचा लाडका शब्द. वर्गात शिरताना, बाजारात, कुणाच्या मयताला गेल्यावरसुद्धा त्यांचं पालुपद एकच, "लक्ष कुठंय?" आणि कुणी म्हणालं की सर, दिसलं नाही हो, तर उत्तर ठरलेलं, "दिसणं फुकट असतं. बघायला अक्कल लागते."

सोमवारचा त्यांचा पहिला तास सगळ्या शाळेला माहीत होता. त्या दिवशी ते अंगावर एक काहीतरी बदल करून यायचे. कधी घड्याळ उजव्या हातात, कधी एका बुटाची नाडी वेगळ्या रंगाची, कधी खिशातलं पेन उलटं. टेबलाशी उभं राहून म्हणायचे, "सांगा पाहू, आज काय बदललंय?" ज्याला सापडलं त्याने हात वर करून सांगायचं आणि खाली बसायचं. बाकीच्यांनी तास संपेपर्यंत उभं राहायचं, आणि छड्या वेगळ्या. जामसरकडच्या पाड्यांवरून नागलीची भाकरी खाऊन, डोंगर उतरून चालत आलेली पोरं बिचारी त्या नाडीकडे, त्या बटणाकडे डोळे फाडफाडून बघत उभी असायची. त्यांतली पुढे कुणी तलाठी झाली, कुणी नर्स, कुणी पोलिसात गेली. आजही भेटली की म्हणतात, "बाई, सरांनी आम्हाला बघायला शिकवलं." शिकवलं खरं. मी नाही म्हणत नाही.

शाळा सुटली की आम्ही काही जण स्टँडजवळच्या एका हॉटेलच्या बाकावर चहा घेत बसायचो. दिवाळीनंतर आणि पुन्हा होळीच्या सुमाराला स्टँड माणसांनी भरलेला असायचा. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघालेली, नाहीतर तिकडून परतलेली कुटुंबं. गाठोड्यांवर डोकी टेकून झोपलेली असायची. हॉर्न वाजतायत, कंडक्टर पत्रा बडवतोय, कुत्री भांडतायत, कुणाची पापणी हलत नसे. सरांना हे फार आवडायचं.

"कानाला झाकण नसतं, बाई," ते मला समजावून सांगायचे. "सगळे आवाज आत जातात. पण आत एक दरवान बसलेला असतो. कुणाला पुढे सोडायचं ते तो ठरवतो. हॉर्नला तो दार उघडत नाही. आता बघा."

समोर एक माणूस गाठोड्याला मिठी मारून झोपला होता. शेजारी बायको बसल्या बसल्या पेंगत होती, मांडीवर लेकरू. ही जामसरच्या गाडीची माणसं हे सरांनी आधीच हेरून ठेवलेलं. ते चहाचा कप खाली ठेवून अगदी बोलण्याच्या आवाजात म्हणाले, "जामसर."

माणूस ताडकन उठला. "गाडी? कठं हाय गाडी?" म्हणत गाठोडं ओढत फलाटाकडे धावला. बायको लेकराला काखेत मारून मागे. तिच्या बोचक्यातलं एक पातेलं सुटलं आणि खडखडत रस्त्यावर गेलं. फलाट रिकामा. माणूस दोन्ही दिशांना बघत उभा, तोंड अर्धवट उघडं, डोळ्यांत झोप.

आमच्यातले दोघे पोट धरून हसले. हॉटेलवाला म्हणाला, "सर, दमलेलं माणूस हाय. झोपू द्या की. कशाला चेष्टा?"

"चेष्टा नाही, प्रयोग आहे," सर म्हणाले. "हॉर्नला हलला का तो? नाही ना? मग?"

तो माणूस परत येऊन गाठोड्यावर बसला, पण मग झोपला नाही. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान उंच करून बघत राहिला. खरी गाडी यायला पुष्कळ अवकाश होता. सर हा प्रयोग मोखाड्याच्या माणसांवर करायचे, खोडाळ्याच्यांवर करायचे, आणि तो कधी चुकायचा नाही. मी त्या बाकावर बसणं सोडलं. त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

आता इतक्या बारीक नजरेचा माणूस कधी फसत नसेल असं कुणालाही वाटेल. एकदा वार्षिक परीक्षेत आम्ही दोघं एका वर्गावर पहारा करत होतो. सर परीक्षेच्या वर्गात शिरले की त्यांचे डोळे कॉपी शोधायला लागत आणि मग त्यांना कॉपीशिवाय जगात दुसरं काही उरत नसे. दुसऱ्या बाकावर काशी नावाची मुलगी होती. उत्तर लिहिताना तिच्या झग्याची बाही वर सरकली आणि मनगटाच्या वर काळपट निळ्या खुणा दिसल्या. सरांनी झडप घातली. तिचा हात धरून उभी केली, फडकं भिजवून आणायला लावलं आणि सगळ्या वर्गासमोर तो हात घासायला सुरुवात केली.

"कुठला धडा आहे हा? बोल!"

"गोंदण हाय सर," ती म्हणाली. "आईनी टोचून घेतलंय. नाय निघत."

तरी ते घासत होते. जव्हारच्या बाजारात ज्या ज्या बाईकडून त्यांनी भाजी घेतली असेल त्या प्रत्येकीच्या हातावर तसलं गोंदण होतं. वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर होतं. पण त्या तासाला त्यांच्या दरवानाने ते आत सोडलं नाही. मुलीचा हात लालभडक झाला तेव्हा थांबले. माफीबिफी काही नाही. "बाही खाली ठेवत जा," एवढंच म्हणाले.

आणि त्याच वेळी शेवटच्या बाकावर संस्थेतल्या एका बड्या माणसाचा भाचा मांडीवर अख्खं गाईड उघडं टाकून उतरवून घेत होता. सर त्याच्या बाजूने इतक्यांदा गेले की त्याला वारा लागला असेल. शेवटी मीच जाऊन ते उचललं. नंतर सरांना सांगितलं तर ते माझ्याकडे बघून कीव आल्यासारखे हसले. "अशक्य, भोईरबाई. असतं तर मला दिसलं असतं."

हे झालं बाहेरचं. घरात ही नजर दिवसभर एकाच माणसावर असायची, आणि ते माणूस म्हणजे सुमनवहिनी. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वाटेकरी नव्हता.

वहिनी नामपूरच्या. उंच, हाडापेराने चांगल्या, पण चालायच्या पोक काढून, मान खाली घालून. आमटीत कढीपत्त्याचं देठ राहिलं तर सरांना दिसायचं. कुंकू केसभर सरकलं तर दिसायचं. झाडू रोजच्या खिळ्याऐवजी दुसऱ्या खिळ्याला असेल तर दिसायचं. आरडाओरडा नसे, हात तर त्यांनी कधी उचलला नाही. नुसतं म्हणायचे, "लक्ष कुठंय?" आणि ती जेवायला बसली की समोर बसून तिचा घास मोजल्यासारखे बघत राहायचे. ती हळूहळू त्यांच्या नंतर, चुलीकडे तोंड करून, उभ्यानेच जेवायला लागली.

तिला एक नाद होता, मशेरीचा. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड बोटाने हिरड्यांना लावायची, पाचदहा मिनिटं गप्प बसायचं, की तिला जीव शांत झाल्यासारखा वाटायचा. आमच्या आया-आज्या सगळ्या लावायच्या. सरांना ते गावंढळ वाटे. त्यांनी तिचे डबे शोधून शोधून फेकले. तांदळात लपवला तरी सापडायचा, चिंध्यांच्या गाठोड्यात लपवला तरी. रोज संध्याकाळी घरात आले की पहिला हुकूम, "दात दाखव." पाहुणा असला तरी. आणि ती बाई ओठ वर करून दात दाखवायची. मी डोळ्यांनी पाहिलंय.

सर ट्यूशनला गेले की ती कधी कधी माझ्याकडे येऊन बसायची. एकदा म्हणाली, "बाई, मला काही नको बघा. दागिना नको, लुगडं नको. घरात एवढीशी जागा असावी जिथं मला कोणी बघत नाही. पाटाएवढी असली तरी चालेल." मी म्हटलं, "माझ्याकडे येत जा." ती म्हणाली, "इथून गेल्यावर ते चपलांवरून ओळखतात." तेही खरं होतं. माझ्या अंगणात शेणसडा असायचा.

एका रविवारी शाळेत नवीन आलेले दोन शिक्षक सरांकडे चहाला आले होते, मलाही बोलावलं होतं. सकाळपासून राबून वहिनी आतल्या खोलीत चटईवर आडवी झाली होती आणि तिचा डोळा लागला होता. रेडिओवर क्रिकेट चाललेलं, दोघे शिक्षक मोठमोठ्याने बोलत होते. सरांनी ओठावर बोट ठेवलं आणि आम्हाला उंबऱ्यापाशी बोलावलं. "रेडिओने उठली नाही, तुमच्या बोलण्याने उठली नाही. आता बघा हं." आणि हळूच म्हणाले, "नामपूर."

ती धडपडत उठून बसली. पदर खाली पडलेला, केस मोकळे. "काय व्हयनं? मायले काय व्हयनं?" तिची आई तेव्हा आजारी होती, आणि माहेराहून वाईट निरोप आला असंच तिला वाटलं. दारात दोन परके पुरुष उभे. एक शिक्षक हसला. दुसऱ्याने रेडिओकडे तोंड फिरवलं. सर म्हणाले, "पाहिलंत? दरवान!" वहिनीने पदर सावरला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि चुलीकडे गेली. चहा तिनेच आणून दिला.

पुढे काही महिन्यांनी आई खरोखर गेली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन आला, दुकानदाराने शाळेतून परतणाऱ्या सरांना सांगितलं. सर घरी आले. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. सर म्हणाले, "नामपूरहून निरोप आलाय."

"एकदा झाली ना गंमत," ती तशीच पडून म्हणाली. "झोपू द्या."

सरांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. त्यांचा अपमान झाला होता. वर्तमानपत्र उघडून बसले. मी साखर आणायला दुकानात गेले तेव्हा दुकानदार हळहळत बोलला आणि मला कळलं. धावत येऊन मी तिला उठवलं, तोवर नाशिकची गाडी निघून गेली होती. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं, घाटावरून माणसं परतत होती. आणि हा गृहस्थ नंतर भेटेल त्याला सांगत होता, "मी आल्या आल्या सांगितलं होतं. तिचंच लक्ष नव्हतं." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. मनातून शिव्या दिल्या त्या वेगळ्या.

मग तो सोमवार आला.

सकाळी सर घरातून निघाले तेव्हा माझ्या खिडकीतून मला त्यांची उजवी बाजू तेवढी दिसली. वहिनीने त्यांच्या हातात डबा दिला. तिने वर बघितलं असतं तर तिला कळलं असतं. पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची सवय तिची केव्हाच मोडली होती. डबा दिला, मान खाली, सर बूट घालायच्या आधीच आत गेली.

सरांना वाटेत हटकायची कुणाची छाती नव्हती; ते तसेच वर्गात शिरले. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर दाढीचे खुंट आणि साबण वाळलेला. शर्टाची उजवी बाही घातलेली, डावी नुसती लोंबत होती. उजव्या पायात बूट, डावा पाय अनवाणी. टेबलाशी उभे राहून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला की नाही हे मुलांनाही नंतर धड सांगता येईना. पण सोमवार होता. विचारायची गरज नव्हती. हात वर व्हायला लागले.

"सर, डावी दाढी राहिलीय!"

"बस खाली," सर म्हणाले असावेत, कारण तो बसला.

"सर, डाव्या पायात बूट नाय!"

"सर, डावी बाही घातली नाय!"

शेजारच्या वर्गात मी शिकवत होते. देवरे सरांच्या तासाला कधी टाचणी पडल्याचा आवाज येत नसे, आणि आज तिकडून पोरांचा नुसता जल्लोष. मला वाटलं, म्हाताऱ्याला पाझर फुटला वाटतं. पोरांना इतकी बरोबर उत्तरं आयुष्यात सापडली नव्हती. उभं राहायला कुणी उरलंच नाही. सर चिडून फळ्याकडे वळले आणि लिहायला लागले ते फळ्याच्या उजव्या अर्ध्यात, शब्दावर शब्द, ओळीवर ओळ. तर एक मुलगी उठून म्हणाली, "सर, डावीकडचा फळा कोरा सोडलात!"

"खोटं!" सर ओरडले. "सगळा भरलाय. कोरा असता तर मला दिसला असता!"

पोरं खूष होऊन हसली. सरांनी आज सोपा पेपर काढला होता. तास संपेपर्यंत हे चाललं. कुणीही उठून मुख्याध्यापकांकडे गेलं नाही, कारण सरांनी त्यांना बदल टिपायला शिकवलं होतं, काळजी करायला नाही. घंटा झाली, सर दाराकडे निघाले, डावा खांदा चौकटीवर आपटला आणि ते कोसळले. आरडाओरडा ऐकून मी धावले. सर उंबऱ्यात आडवे, तोंड वाकडं झालेलं, आणि मागच्या बाकांवर दोघातिघांचे हात अजून वर होते.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका होता. इथल्या डॉक्टरांनी लगोलग नाशिकला पाठवलं. लवकर आणलं असतं तर नुकसान कमी झालं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. वाचा शाबूत राहिली, हे आमचं दुर्दैव. डावा हात-पाय लुळा पडला, आणि आणखी एक गोष्ट झाली, जी आम्हाला आधी समजलीच नाही.

डॉक्टरांनी वहिनीला आणि मला समोर बसवून समजावलं. "यांचे डोळे चांगले आहेत, कान चांगले आहेत. पण मेंदू डावीकडे लक्षच देत नाही. डाव्या बाजूला जे आहे ते यांच्यापर्यंत पोचत नाही. आणि पोचत नाही हे यांना कळतही नाही. म्हणून मुद्दाम डाव्या हाताला बसायचं. तिकडून हाक मारायची, बोलायचं, हात चोळायचा, सारखं लक्ष वेधायचं. हे जितकं कराल तितकी सुधारणा होईल. औषधापेक्षा हे महत्त्वाचं."

वहिनीने मान डोलावली. आणि खोटं कशाला बोलू, पहिले काही आठवडे तिने मनापासून केलं. डाव्या बाजूने हाक मारायची, "अहो." सर उजवीकडे बघायचे. तिथं भिंत. "कुठं लपतेस? समोर यायला काय होतं?" ती त्यांचा डावा हात चोळायला घ्यायची तर ते पांघरुणावर पडलेल्या आपल्याच हाताकडे कसेबसे बघून म्हणायचे, "हा कुणाचा हात इथं टाकलाय? उचल तुझा." ताट वाढलं की उजवीकडची भाजी-आमटी संपवायचे आणि ओरडायचे, "चटणी कुठंय? लिंबू कुठंय? आणि भाकरी अर्धीच?" चटणी, लिंबू डावीकडे वाढलेलं असायचं, अर्धी भाकरीही तिथंच. वहिनी ताट गोल फिरवून ठेवायची. "आता आणलंस होय?" म्हणून ते जेवायचे. जीभ पूर्वीचीच होती. उजव्या बाजूला ती दिसली रे दिसली की कुंकू, पदर, झाडू सगळं सुरू.

एकदा दुपारी ती त्यांच्या डाव्या हाताला पाट टाकून तांदूळ निवडत बसली होती. परात कलंडली, तांदूळ ओट्यावर पसरले. तिने डोळे मिटून घेतले, आता सुरू होणार म्हणून. काही झालं नाही. डोळे उघडून पाहिलं तर सर रस्त्याकडे बघत बसलेले. तिने एक एक दाणा वेचला, भर उजेडात, त्यांच्या पायाशी. मग उठली, आत गेली आणि परत येऊन पाटावर बसली. मी माझ्या ओट्यावरून बघत होते. तिच्या हातात मशेरीचा डबा होता.

बोट हिरड्यांवर फिरायला लागलं. थोड्या वेळाने सरांनी नाक फुगवलं. "मशेरीचा वास येतोय," ते म्हणाले. उजवीकडे पाहिलं, तिकडे मी. "काय भोईरबाई, शिकलेल्या बायका तुम्ही!"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. काळे दात, चांगले भरपूर. मी म्हटलं, "चुकलं, सर."

तेव्हापासून तिने डावीकडून हाक मारली नाही. हात चोळला, तेल लावलं, न्हाऊ-माखू घातलं, अंथरूण बदललं, कशात काही कमी केलं नाही. ही कामं उजवीकडून करायची, बोलणी खायची, आणि संपली की पाटावर येऊन बसायची. जेवायचीसुद्धा तिथंच, सावकाश, मांडी घालून, पोटभर. जव्हारभर तिचं नाव झालं. सटवाईने लिहावं तर असं बायकोचं नशीब, नवऱ्याच्या बाजूने हलत नाही, असं बाजारात बायका बोलायच्या. मी ऐकून घ्यायची.

तपासणीला नाशिकला जाताना मी सोबत होते. डॉक्टर जरा नाराज दिसले. "म्हणावा तसा फरक नाही. तुम्ही डाव्या बाजूला बसता ना?"

"बसते की," वहिनी म्हणाली. "दिवसभर तिथंच असते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, मी रोज बघते." परतीच्या वाटेवर जीपमध्ये आम्ही दोघी मागे बसलो. सर डाव्या खिडकीशी होते आणि त्यांना सगळा घाट उजव्या बाजूनेच दिसत होता. ही बाई बोलती, रोज तासभर हाका मारती, तर कदाचित त्यांना अर्धं जग परत मिळालं असतं. ते तिच्या हातात होतं आणि तिने दिलं नाही. मला कुणी विचारलं तर मी सांगेन की मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

माझी वाड्याकडे बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. दुपार कलत होती, रस्त्यावरून खोडाळ्याच्या बाजारची माणसं टोपल्या घेऊन परतत होती. सर ओट्यावर खुर्चीत. पार वाळले होते, मिशी वहिनीने दोन्ही बाजूंनी नीट कापलेली. मी उजवीकडे स्टुलावर बसले. डावीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, पाटावर वहिनी. बोट तोंडात. तिने मला मानेनेच 'बसा' म्हटलं.

सर इकडचं तिकडचं बोलले. माझ्या चष्म्याचा एक स्क्रू ढिला झाल्याचं सांगितलं. मग आवाज खाली आणला. "भोईरबाई, खरं सांगा. ही दिवसभर कुठं असते? डॉक्टर म्हणतात जवळच बसते. मला तर कधी दिसत नाही."

"असतील इथंच कुठंतरी," मी म्हटलं.

"कुणीतरी असतं," ते म्हणाले. त्यांचे घारे डोळे उजवीकडे फिरले, आणखी उजवीकडे फिरले, भिंतीपाशी अडले. त्या माणसाला मी पहिल्यांदाच घाबरलेलं पाहत होते. "वास येतो. कधी बांगडी वाजते. बघितलं तर कुणी नाही." मग एकदम चेहरा उजळला. "थांबा. माझ्याकडे इलाज आहे की."

त्यांनी उजव्या हाताचं बोट ओठावर ठेवलं, पूर्वी ठेवायचे तसंच. आणि हळूच म्हणाले, "नामपूर."

वहिनीचं बोट थांबलं. पाठ ताठ झाली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मानेकडे, कानाकडे. ते श्वास रोखून ऐकत होते. रस्त्यावरून एक एसटी हॉर्न देत गेली.

"नामपूर," ते पुन्हा म्हणाले. या वेळी आवाज कापला.

वहिनीने डब्यातून आणखी चिमूटभर मशेरी घेतली आणि बोट पुन्हा हिरड्यांवर फिरवायला लागली.

"नाही इथं," सर मला म्हणाले. "असती तर उठली असती."